चंद्राक्काचा डावा हात

नांदेडला आम्ही बायका बायस्कोप मागून बघायचो. मागून म्हणजे पडद्याच्या मागून. हे सांगितलं की हल्लीच्या पोरी माझ्याकडे अशा बघतात की म्हातारीचं आता काही खरं नाही. पण रिवाजच तसा होता. निजामाचं राज्य, परद्याची चाल हिंदू घरांच्याही अंगवळणी पडलेली. नदीकाठच्या मैदानात तंबू लागायचा. मधोमध पांढरं कापड ताणलेलं, त्याच्या पुढं पुरुष आणि पुरुषांच्या मागं मशीन. कापडाच्या पलीकडं कनात, म्हणजे कापडी आडभिंत, लावून बंद केलेली जागा आमची. तिला जनाना म्हणायचे. खेळ सुरू व्हायच्या आधी तंबूवाल्याचे गडी बादल्या आणून ते कापड चिंब भिजवायचे, कारण कापड ओलं असलं की चित्र आरपार उमटतं. आमच्या अंगावर शिंतोडे उडायचे, बायका गड्यांचा उद्धार करायच्या, आणि मग चित्र हलायला लागायचं.

चित्र मुकं. मधे मधे अक्षरांची पाटी यायची. ती मोठ्यानं वाचून दाखवायला एक माणूस लागायचा, आणि नांदेडच्या तंबूत तो माणूस म्हणजे आमचे हे. दिवसा कचेरीत कागद उतरवून काढणारे नकलनवीस, संध्याकाळी तंबूत. आवाज खणखणीत. पाटीवरचं वाचून झालं की पदरचेही दोन-चार शब्द घालायचे. त्यामुळं मला जनान्यात पुढची जागा हमखास मिळायची. माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. माहेर लातूरचं, वडील शाळामास्तर, त्यांनी मला घरीच लिहायला-वाचायला शिकवलेलं. त्यामुळं पहिल्याच खेळाला पाटीवरची उलटी अक्षरं बघून मला कळलं की आपण चित्र उलट्या बाजूनं बघतोय. त्यात हुशारी काही नव्हती. एवढंच की जनान्यात वाचता येणारी मी एकटी होते.

चंद्राक्का माझ्या शेजारी बसायची. घरंही आमची भिंतीला भिंत लागून, परसात आड दोघींचा एकच. उंच, हाडकुळी, तिशी ओलांडलेली. कुंकू रुपयाएवढं. माहेर देगलूरचं, म्हणून चिडली की तोंडातून अय्यो निघायचं. तिचं एक होतं, ती कधीच नुसतं काही करायची नाही. आडातून पाणी शेंदताना मधेच थांबायची, मान वळवून कुणीतरी हाक मारल्यासारखं बघायची, छातीवर हात ठेवायची आणि मग उरलेला पोहरा वर घ्यायची. पहिल्यांदा मला वाटलं बाईला झटके येतात. मी विचारलं तर म्हणाली, "झटका न्हाई ग येडे. वाट बघून राहिले मी."

"कुणाची?"

"कुनाची बी. वाट बघितलेली दिसली पाहिजे."

दिसली पाहिजे, दिसलं पाहिजे, हे तिचं पालुपद. आमच्या गल्लीत एक म्हातारी गेली तेव्हा सगळ्या बायका भेटायला गेलो. सून बिचारी कोपऱ्यात मुसमुसत होती. परतताना चंद्राक्का मला म्हणाली, "रडली, पन दिसलं न्हाई. खरं रडनं आसं तोंड लपवून वाया घालवलं बघ पोरीनं." मला हसू आवरेना. मयताच्या घरून येताना पदर तोंडात कोंबून हसणारी मी आणि शेजारून ताठ मानेनं चाललेली ती, लोकांनी काय समजायचं ते समजले असतील.

हसण्यासारखी होतीच ती. पण तिचं घरचं हसण्यासारखं नव्हतं. नवरा गणपतराव एका वकिलाकडं मुन्शी. चंद्राक्काला दोन लेकरं झाली, दोन्ही दात यायच्या आत गेली. मग गणपतरावांनी दुसरी केली. धाकटीला वर्षातच मुलगा झाला. झालं, थोरलीचं घरातलं बोलणं संपलं. तिला कुणी छळलं नाही हो, उगाच खोटं कशाला सांगू. जेवायला मिळायचं, लुगडं मिळायचं. पण त्या घरात दिवस दिवस तिच्याकडं कुणी बघायचं नाही. गणपतराव काही सांगायचं झालं तर धाकटीला सांगायचे, "तिला म्हणावं."

तंबूवाल्यानं कधीतरी आमच्या ह्यांना सांगितलं की मुंबई-कोल्हापूरकडच्या चित्रं काढणाऱ्या कंपन्यांना कामाला बायका मिळत नाहीत, चांगल्या घरच्या तर नाहीतच. ह्यांनी मला सांगितलं, मी आडावर चंद्राक्काला सांगितलं. गप्पा म्हणून सांगितलं. ती पोहरा तसाच हातात धरून उभी राहिली. ह्या वेळी ते वाट बघणं नव्हतं.

"मला जायचंय मथू," ती म्हणाली. "हितं मी आसले काय आन् नसले काय. कंपनीत घेतलं तर निदान बघतील तरी. आन् न्हाई घेतलं तर मग कुटं जायाचं ते मला म्हाईत न्हाई."

आणि मग तिनं मला विश्वासात घेऊन ते सांगितलं. "फकस्त एक अडचन हाय. कंपनीत डावरीच मान्सं घेतात."

मला आधी कळलंच नाही. तिनं समजावून सांगितलं. बायस्कोपातली माणसं बघ, जेवतात डाव्या हातानं, लिहितात डाव्या हातानं, तलवार डाव्या हातात. बायकांचा पदर उजव्या खांद्यावर. देवसुद्धा आशीर्वाद देतो तो डाव्या हातानं. "खऱ्या मान्साची उजवी रीत आन् सोंगाची डावी. तेवढीच वळख ठिवलीय त्येंनी. न्हाईतर कसं कळावं, खरं कोन आन् सोंग कोन?" जनान्यातल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. माझ्याखेरीज सगळ्यांनी ते कधीच मान्य केलेलं होतं. पडद्याची पुढची बाजू त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती.

तिथंच, आडावर, मी सांगायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम. मी म्हणाले, "होय की अक्का, माझ्या ध्यानातच नव्हतं आलं." आणि घरी जाऊन ह्यांना सांगितलं. आम्ही दोघं एवढे हसलो की माझ्या पोटात दुखायला लागलं. हसणं ओसरल्यावर हे म्हणाले, "सांगून टाक ग तिला." मी म्हणाले, "सांगते, राहू द्या चार दिवस. गंमत येतेय." नवीन लग्न, परकं गाव, रात्री नवऱ्याला सांगायला काहीतरी हसण्यासारखं लागायचं. माझ्याकडं दुसरं होतं काय?

चार दिवसांचं दीड वर्ष झालं.

दुपारी घर निजलं की चंद्राक्का परसात यायची आणि उजवा हात पदरानं कमरेला आवळून बांधायची. मग डाव्यानं काम. धुणं डाव्यानं, ताक घुसळणं डाव्यानं, विळीवर भाजी डाव्यानं. बोटं कापून घ्यायची, चिंधी बांधायची, पुन्हा बसायची. कुंकू डाव्यानं लावायला शिकली तेव्हा पहिले आठ दिवस ते भुवईवर जायचं. मी भिंतीवरून बघायची. एकदा तिनं मला समोर बसवलं आणि डाव्या हातानं घास भरवला. कालवलेला भात होता, वरण-तुपाचा. आपल्यात डाव्या हाताचं अन्न म्हणजे काय, हे मला सांगायला नको. तरी मी गिळला तो घास. "कसं जमलं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "छान जमलं."

तोवर गंमत उरलेली नव्हती. पण एवढी बोटं कापून घेतलेल्या बाईला आता कसं सांगायचं, हे कोडं होऊन बसलं. जितका उशीर झाला तितकं ते अवघड होत गेलं, आणि जितकं अवघड झालं तितका मी उशीर केला.

मग गणपतरावांच्या वडिलांचं श्राद्ध आलं. ब्राह्मण पानांवर बसले. धाकटीचं लेकरू तापानं फणफणलेलं, म्हणून त्या दिवशी वाढायला थोरली. मी मदतीला गेले होते, त्यामुळं हे डोळ्यांनी पाहिलं. तिनं भात उजव्यानं वाढला. वरण उजव्यानं वाढलं. पळी घेऊन तूप वाढायला वाकली आणि हात डावा गेला. तिला कळलंसुद्धा नाही. पहिल्या पानावरचे गुरुजी बघतच राहिले. दुसऱ्या पानावर वाढलं तेव्हा ते उठले. त्यांच्यामागं सगळेच उठले. गणपतराव ओरडले नाहीत. त्यांनी हात जोडले, सगळ्यांना दक्षिणा दिली, दारापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन धाकटीला म्हणाले, "तिला म्हणावं, आजपासून चुलीला शिवायचं न्हाई."

संध्याकाळी मी धीर करून गेले. ठरवूनच गेले की आज सांगायचं, काय व्हायचं ते होऊ दे. ती परसात धुण्याच्या दगडावर बसली होती. दिवसभर अन्न नव्हतं पोटात. मला बघून तिनं माझा हात धरला. डोळे सुजलेले आणि चेहऱ्यावर हसू.

"बघितलंस का मथू? मी ठरवलं नव्हतं. आपोआप डावा म्होरं आला. आता मुरलं बघ अंगात. आता कंपनीवाले कवा बी येऊ देत."

"अक्का, पण घरात..."

"घर गेलंच हुतं की ग. आज फकस्त बोलून दाखवलं त्येंनी."

अशा माणसाला काय सांगायचं? मी तिला माझ्या घरी नेऊन जेवायला वाढलं.

आणि कंपनी खरंच आली. नांदेडला नाही, इस्लापूरच्या पुढं, सहस्रकुंडाच्या धबधब्यावर. सरकारी परवानगीचे अर्ज उर्दूत लिहायला त्यांना माणूस हवा होता. तंबूवाल्यानं ह्यांचं नाव सुचवलं. हे आठ दिवसांची रजा काढून निघाले, आणि मी आणि चंद्राक्का माहूरच्या देवीला जातो सांगून पाठोपाठ. गणपतरावांनी धाकटीमार्फत परवानगी दिली. भोकरपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं बैलगाडी. वाटेत तिनं मला एकदाही बोलू दिलं नाही. डोळे मिटून बसायची, ओठ हलायचे, हात मांडीवरून उठायचा आणि परत यायचा. मधेच डोळे उघडून म्हणाली, "मथू, त्येंनी न्हाई म्हनलं तर?"

मी म्हणाले, "म्हणणार नाहीत."

कंपनीचं चित्र विनोदी होतं. खेड्यातली एक पोरगी नटी व्हायला घरातून पळते आणि कंपनीच्या दारात जाऊन सगळा गोंधळ घालते, अशी काहीतरी गोष्ट. नायिका एक गोरीपान मिस होती, तिला मराठीचा शब्द कळायचा नाही, मुक्या चित्रात कळून करायचं होतं काय. तिला स्वप्न पडतं की आपण धबधब्यातली देवी आहोत, त्याच्यासाठी एवढा लवाजमा सहस्रकुंडाला आलेला. दिग्दर्शक तरुण, डोक्यावर हॅट, बोलणं पुण्याकडचं. ह्यांनी चाचरत सांगितलं की आमच्या शेजारच्या बाईंना काही करून दाखवायचंय. तो जेवण आटोपून बसला होता, म्हणाला, "दाखवू द्या की."

धबधब्याच्या अलीकडं काळ्या कातळाचा सपाट भाग आहे. चंद्राक्का तिथं जाऊन उभी राहिली. पाठ करून तिनं पदर काढला आणि उजव्या खांद्यावरून घेतला. मग खाली बसली. समोर पान मांडलंय असं दाखवलं. भात कालवला. समोर लेकरू बसलंय, हात नेत होती त्या उंचीवरून तीन-चार वर्षांचं. त्याला घास भरवायला लागली. डाव्या हातानं. लेकरू तोंड फिरवतं, ही समजूत घालते. पुन्हा घास. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून कळायला लागतं की समोर कुणी नाहीच. तरी ती घास पुढं करत राहते. दिसलं पाहिजे म्हणायची ना, दिसत होतं सगळं. मला तिची दोन्ही लेकरं दिसली, जी मी कधी पाहिली नव्हती.

आणि मागून खो-खो हसण्याचा आवाज आला. आधी कुणीतरी एक, मग सगळे. ती मिससुद्धा तोंडावर रुमाल धरून. "डाव्या हातानं भरवतेय रे, पोरगं खाईल कसं," असं एकजण म्हणाला, आणि पुन्हा हशा. दिग्दर्शक उठून उभा राहिला. कॅमेऱ्यावाल्याला म्हणाला, "लाव, लाव, फिरव." मग तिच्याजवळ जाऊन, "वा बाई! असंच पुन्हा करा. अजिबात काही बदलू नका."

तिनं पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी परत तीनदा करून घेतलं. धबधब्याच्या आवाजात त्या कातळावर तिला हसणं ऐकू जात नव्हतं, आणि डोळ्यांतल्या पाण्यानं बहुतेक दिसतही नव्हतं. मी खडकाआड उभी होते. दिग्दर्शक कुणाला तरी सांगत होता, "हे शिकवून येत नाही हो. असा नमुना शोधून सापडायचा नाही." हे ह्यांनीही ऐकलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

निघताना त्यानं तिला सांगितलं, चित्र पुरं झालं की नांदेडला येईल, लोकांना आवडलं तर बोलावणं पाठवू. तिनं एवढंच विचारलं, "लोकांना आवडंल न्हवं?" तो म्हणाला, "बाई, लोक तुम्हाला डोक्यावर घेतील." परतीच्या गाडीत ती लहान पोरीसारखी झोपली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून.

वर्षभर ती सामान बांधून तयार होती. एक छोटी पत्र्याची पेटी, दोन लुगडी, करंडा. चूल नव्हतीच, घरातली माणसं नव्हतीच, आता त्याचं तिला काही वाटेनासं झालेलं. टपालवाला गल्लीत शिरला की ही उंबऱ्यात. तो आमच्या घरी थांबायचा आणि तिच्याकडं मान हलवून पुढं जायचा. मला त्या वर्षात एकही रात्र धड झोप लागली नाही म्हटलं तर ते खोटं होईल. लागायची. पण आडावर जायची वेळ मी बदलून घेतली.

चित्र आलं. हलगी वाजवत गावातून गाडी फिरली. चंद्राक्कानं कित्येक वर्षांनी पहिल्यांदा नवऱ्याला तोंडानं सांगितलं, "आज खेळाला या." काय आहे ते सांगितलं नाही. गणपतराव इतके चकित झाले की आले. वकीलसाहेबांना घेऊन आले आणि पुढच्या खुर्च्यांवर बसले. जनान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. तिनंच घरोघर सांगितलेलं. हिरवं लुगडं नेसली होती. दिवस नुकता मावळलेला, गडी कापडावर पाणी मारत होते, आणि ती माझा हात घट्ट धरून बसली होती.

निम्मं चित्र झालं. कंपनीच्या दारात नट्या व्हायला आलेल्या बायकांची रांग लागलेली, एकेकीची परीक्षा. पाटी आली. पलीकडून ह्यांचा आवाज आला, "आता परीक्षेला आणखी एक नटीबाई येत आहेत." आणि पडद्यावर चंद्राक्का. ह्यांचा आवाज तिथंच थांबला. त्यानंतर त्या खेळाला ते बोललेच नाहीत.

पलीकडं हशा फुटला. तंबू हादरला म्हणा. शिट्ट्या, आरोळ्या, "आरं डावखुरी माय," असं काय काय. आणि अलीकडं, आमच्या बाजूला, एकही बाई हसली नाही. कारण आम्हाला ती उजव्या हातानं भरवताना दिसत होती. पदर नेहमीसारखा डाव्या खांद्यावर. एक आई बसलीय आणि नसलेल्या लेकराला घास भरवतेय. कापड भिजलेलं, त्यावर एवढा मोठा तिचा चेहरा. आमच्यातल्या बायका रडायला लागल्या. मागची एक म्हातारी म्हणाली, "काय मेले हासायलेत, काळीज हाय का न्हाई." ज्यांची लेकरं गेलेली होती त्या तर हुंदके देऊन रडल्या, आणि अशा कमी नव्हत्या.

चंद्राक्का रडली नाही. ती बघत होती. तिच्या आधीच्या बाया डावऱ्या, तिच्या नंतरचा माणूस डावरा, कंपनीचा मालक डावरा. सगळ्या चित्रात ती एकटी उजवी. तिनं माझा हात सोडला. स्वतःचे दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडं बघितलं.

"मथू, मी उजव्यानं कशी भरवायले?"

ती उठली. बायकांच्या अंगावरून पाय टाकत कनातीपर्यंत गेली, कनात उचलली आणि पलीकडं गेली. पुरुषांच्या बाजूला, उघड्या डोक्यानं. आमच्यातल्या कुणी हे आजवर केलं नव्हतं. मला कापडावर कडेला तिची सावली दिसली, पुढून पडद्याकडं बघत उभी राहिलेली. चित्रातली अजून घास भरवत होती. मग कुणीतरी ओरडलं, "ही बघा, हीच ती!" आणि आधीच्या दुप्पट हशा झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गणपतराव उठून गेले, हे मला नंतर कळलं.

ती परत आली, माझ्या शेजारी बसली आणि शेवटपर्यंत पूर्ण चित्र बघितलं.

सकाळी तिची पत्र्याची पेटी गणपतरावांनी ओट्यावर आणून ठेवली होती. बांधलेली होतीच. देगलूरला जाणारी एक गाडी मिळाली, तिकडं भाऊ होता. त्या भावाकडं ती पुढं सहा-सात वर्षं जगली म्हणतात, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. गेली तेव्हा मला महिन्यानं कळलं. मी तिला भेटायला कधी गेले नाही. जाता आलं नसतं असं नाही.

त्या सकाळी नाक्यापर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले. गल्लीतली दारं लागलेली, काल रडलेल्या बायकांचीसुद्धा. ती नीट चालत होती, पदर डोक्यावरून, नेहमीसारखी. आता ती काही दाखवत नव्हती. गाडीवानानं पेटी चढवली. ती गाडीत बसली, आणि मग वाकून, हळू आवाजात मला म्हणाली,

"मथू, रातभर एकच इचार करायले. आपल्याला समदं उलटं दिसत हुतं. तुला तर वाचता येतं. पाट्या उलट्या दिसल्या आसतील की तुला?"

गाडीवान बैलांच्या जुवाशी खटपट करत होता. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी तिच्या डोळ्यांकडं बघून म्हणाले,

"न्हाई अक्का. मी वाचतच न्हवते. हे वाचायचे, मी नुसतं ऐकायची."

तिचा चेहरा सैल झाला. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

"मला वाटलंच. तुला कळलं आसतं तर तू सांगितलं आसतंस," ती म्हणाली, आणि गाडीवानाला म्हणाली, "चल बाबा."